दूरसंचार आणि सुरक्षित संप्रेषणाची परिभाषा : नवशिक्यांसाठी वही, पेन्सिल आणि हातातला फोन

दूरसंचाराच्या क्षेत्रात नव्याने आलेल्या माणसाला पहिली ठेच लागते ती शब्दांची. पहिल्याच आठवड्यात आयएमएसआय, बँडविड्थ, हँडशेक, सिफर, हॅश असे पाच-पन्नास शब्द कानावर पडतात, त्यांतले निम्मे नुसत्या आद्याक्षरांचे असतात, आणि शब्दकोश उघडावा तर एकेका शब्दाला दोन-तीन मराठी प्रतिशब्द सापडतात, ज्यांपैकी एकही कार्यालयात कोणी उच्चारत नाही. नवशिक्यांना हा विषय शिकवताना मला असे आढळले आहे की व्याख्या पाठ करून हे शब्द टिकत नाहीत. एखादा शब्द कोणत्या दोन टोकांमधल्या कोणत्या गोष्टीविषयी बोलतो, हे विचारायची सवय लागली की मात्र ते जागच्या जागी बसतात. पुढील पायऱ्या त्या सवयीसाठी आहेत. साहित्य म्हणून एक वही, पेन्सिल आणि स्वतःचा मोबाइल पुरे.

पायरी पहिली : वहीत वाट काढणे

वहीच्या पानावर एक आडवी रेघ ओढून डाव्या टोकाला आपला फोन आणि उजव्या टोकाला समोरच्याचा फोन काढावा. मध्ये क्रमाने आपल्या भागातला टॉवर, टॉवरला आत जोडणारा दुवा म्हणजे बॅकहॉल, कंपनीचे मध्यवर्ती जाळे म्हणजे कोअर, मग समोरच्याच्या कंपनीचे कोअर आणि शेवटी त्याचा टॉवर अशी ठिकाणे मांडावीत. फोनपासून टॉवरपर्यंतचा तुकडा हवेतून जातो. पुढचा बराचसा प्रवास ऑप्टिकल फायबरमधून किंवा मायक्रोवेव्ह दुव्यांवरून होतो. फोनकडून टॉवरकडे जाणारी वाट ती अपलिंक, आणि उलट येणारी ती डाउनलिंक. हे चित्र फाडू नये, कारण पुढच्या जवळजवळ प्रत्येक शब्दाला याच रेघेवर जागा द्यायची आहे.

हवेतल्या तुकड्यावर तीन शब्दांची नेहमी गल्लत होते. वारंवारता म्हणजे लहरी सेकंदाला किती वेळा कंप पावतात ते. बँड म्हणजे वारंवारतांचा ठरवून दिलेला पट्टा. बँडविड्थ म्हणजे त्या पट्ट्यातली प्रत्यक्ष वापरायला मिळालेली रुंदी. एखाद्या कंपनीकडे १८०० मेगाहर्ट्झ बँडमध्ये १० मेगाहर्ट्झ आहेत, असे कोणी म्हणाले तर पहिला आकडा जागा सांगतो आणि दुसरा आकडा त्या जागेची रुंदी. बोलताना लोक इंटरनेटच्या वेगालाही सर्रास बँडविड्थ म्हणतात. त्याचे कारण क्लॉड शॅनन यांनी १९४८ मध्ये मांडलेल्या सिद्धांतात आहे : दुव्याची कमाल क्षमता पट्ट्याच्या रुंदीवर आणि संदेश गोंगाटाच्या किती पट आहे यावर ठरते. रुंदी वाढली की क्षमता वाढते, पण रुंदी म्हणजे वेग नव्हे. लेटन्सी हा आणखी वेगळा शब्द. एक संदेश जाऊन उत्तर यायला लागणारा वेळ तो मोजतो.

आता फोन हातात घ्यावा. बहुतेक अँड्रॉइड फोनांत सेटिंग्जमधील फोनविषयक माहितीत सिमची स्थिती पाहिली की सिग्नलची ताकद डीबीएम या डेसिबलवर आधारलेल्या एककात दिसते आणि आकडा ऋण असतो, उदाहरणार्थ उणे ८५. घराच्या आतल्या खोलीत गेल्यावर तो उणे ११५ झाला, तर ताकद तीस टक्क्यांनी घटली असे नवशिक्याला वाटते. डेसिबलचे माप गुणाकाराचे आहे : दर १० डेसिबलला ताकद दहापट बदलते, म्हणून ३० डेसिबलचा फरक म्हणजे एक हजार पट. फोनवरच्या चार दांड्यांवरून हे कधीच कळत नाही, आणि म्हणून तंत्रज्ञ दांड्यांविषयी बोलत नाहीत.

पायरी दुसरी : चार क्रमांक वेगळे करणे

डायल पॅडवर स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबले की पडद्यावर १५ अंकी आयएमईआय क्रमांक उमटतो. दोन सिमचा फोन असेल तर दोन क्रमांक दिसतात. हा क्रमांक यंत्राचा असतो. त्याचे पहिले ८ अंक फोनचे मॉडेल सांगतात, पुढचे ६ त्या नगाचा अनुक्रम आणि शेवटचा १ अंक आधीच्या अंकांवरून काढलेला पडताळणीचा अंक असतो. फोन चोरीला गेल्यावर संचार साथी पोर्टलवरून तो बंद पाडता येतो तो याच क्रमांकाच्या आधारे, म्हणून फोन हातात असतानाच तो वहीत उतरवून ठेवावा.

सिमकार्डावर छापलेला, ८९ ने सुरू होणारा १९ किंवा २० अंकी क्रमांक म्हणजे आयसीसीआयडी. भारतीय सिमवर त्यापुढे देशाचा ९१ येतो. हा त्या कार्डाचा क्रमांक. कार्डाच्या आत, सहसा डोळ्यांना न दिसणारा आयएमएसआय असतो. जाळे ग्राहकाला त्यावरून ओळखते. त्याचे पहिले तीन अंक देशाचे असतात, भारतासाठी ४०४ किंवा ४०५, आणि पुढचे दोन किंवा तीन अंक कंपनीचे. चौथा क्रमांक म्हणजे आपण लोकांना देतो तो दहा अंकी मोबाइल नंबर. पुस्तकांत देशाच्या ९१ सह त्याला एमएसआयएसडीएन म्हणतात, पण हे नाव बोलण्यात क्वचित येते.

हे चारही नीट कळले आहेत का, हे तपासायला मी नवशिक्यांना तीन प्रसंग देतो. फोन बदलला आणि जुने सिम नव्या फोनात घातले, तर काय बदलले? फक्त आयएमईआय. नंबर तोच ठेवून कंपनी बदलली, तर? आयसीसीआयडी आणि आयएमएसआय बदलले, फोन आणि नंबर तेच राहिले. तिसरा प्रसंग असा की कोणी भामट्याने खोटी कागदपत्रे दाखवून तुमच्या नंबरचे दुसरे सिम काढले. आता तुमचा नंबर त्याच्या कार्डावरच्या नव्या आयएमएसआयशी जोडला गेला, तुमच्या हातातले सिम मुके झाले आणि तुमच्या बँकेचे ओटीपी त्याच्या फोनवर येऊ लागले. सिम स्वॅप या फसवणुकीचे नाव वर्तमानपत्रात वाचणाऱ्याला नेमके काय बदलले गेले ते समजत नाही. चार क्रमांक वेगळे करता आले की ते एका वाक्यात सांगता येते. विनाकारण बराच वेळ सिग्नल गेला तर दुसऱ्या फोनवरून ताबडतोब कंपनीला विचारावे, हा सल्लाही त्यातूनच निघतो.

पायरी तिसरी : संकेतन, कूटबद्धीकरण आणि हॅश यांत गल्लत न करणे

ही तीन कामे बाहेरून सारखीच दिसतात, कारण तिन्हींत वाचता येणारा मजकूर जाऊन अनाकलनीय चिन्हे येतात. संकेतनात, म्हणजे एन्कोडिंगमध्ये, गुप्त काहीच नसते. एसएमएसचे उदाहरण घ्यावे. एका एसएमएसमध्ये १४० बाइट, म्हणजे ११२० बिट मावतात. रोमन अक्षरांच्या मूळ तक्त्यात प्रत्येक अक्षराला ७ बिट लागतात, म्हणून १६० अक्षरे बसतात. देवनागरी पाठवायची असेल तर सर्वसाधारणपणे प्रत्येक चिन्हाला १६ बिट लागतात, म्हणून ७० चिन्हेच बसतात. शिवाय काना, मात्रा, हलन्त ही सगळी स्वतंत्र चिन्हे मोजली जातात. ‘किल्ली’ या शब्दात आपल्याला दोन अक्षरे दिसतात, पण क, ऱ्हस्व वेलांटी, ल, हलन्त, ल, दीर्घ वेलांटी अशी ६ चिन्हे खर्ची पडतात. आईला मराठीत पाठवलेल्या लांबलचक निरोपाचे दोन-तीन एसएमएस का मोजले गेले, याचे उत्तर या हिशेबात आहे.

कूटबद्धीकरणात, म्हणजे एन्क्रिप्शनमध्ये, मजकूर किल्लीच्या साहाय्याने झाकला जातो आणि योग्य किल्ली असणाऱ्यालाच तो परत मिळतो. हॅश या दोघांहून निराळा आहे : त्यात परतीची वाट नाही. एसएचए-२५६ या पद्धतीत एक शब्द घातला काय किंवा अख्खी पोथी घातली काय, बाहेर २५६ बिटांचाच ठसा येतो, आणि मूळ मजकुरात एक अनुस्वार बदलला तरी ठसा ओळखू न येण्याइतका बदलतो. चांगली संकेतस्थळे तुमचा पासवर्ड न साठवता त्याचा असा ठसा साठवतात. त्यामुळे पासवर्ड विसरल्यावर एखाद्या संकेतस्थळाने जुना पासवर्डच ईमेलने पाठवला, तर त्या संकेतस्थळाविषयी एक वाईट गोष्ट आपल्याला कळलेली असते.

पायरी चौथी : च-ची भाषा, पद्धत आणि किल्ली

मोठ्यांना कळू नये म्हणून लहानपणी आपण च-ची भाषा बोललो आहोत. तिच्या एका प्रचलित प्रकारात शब्दाच्या पहिल्या अक्षरातले व्यंजन काढून तेथे च घालायचा, मात्रा तशीच ठेवायची आणि काढलेले व्यंजन शेवटी जोडायचे. ‘पाणी दे’ याचे ‘चाणीप चेद’ होते. वहीत हे लिहून पाहावे, कारण कूटशास्त्राची निम्मी परिभाषा या दोन शब्दांत आहे. ‘पाणी दे’ हा मूळ मजकूर, ‘चाणीप चेद’ हा कूटमजकूर, आणि व्यंजन काढणे, घालणे, शेवटी जोडणे हा नियम म्हणजे अल्गोरिदम, मराठीत पद्धत. आता च ऐवजी र घालायचा ठरवला तर ‘राणीप रेद’ होईल. पद्धत तीच राहिली, बदलली ती किल्ली.

या भाषेची किल्ली शोधायला किती वेळ लागेल? व्यंजने तीस-पस्तीस, म्हणजे शक्यताही तेवढ्याच. सगळ्या तपासून पाहण्याला ब्रूट फोर्स म्हणतात आणि येथे ते काम पाच मिनिटांचे आहे. खरे तर तेवढ्याचीही गरज नाही, कारण प्रत्येक शब्द एकाच व्यंजनाने सुरू होतो हे ऐकणाऱ्याच्या कानाला लगेच खटकते. कूटमजकुरातल्या अशा नमुन्यांवरून मूळ शोधण्याला कूटविश्लेषण म्हणतात. चांगल्या पद्धतीकडून दोन अपेक्षा असतात : शक्यता अफाट असाव्यात आणि नमुना दिसू नये. १९७७ मध्ये अमेरिकेत मानक ठरलेल्या डीईएस या कूटबद्धीकरणाच्या पद्धतीची किल्ली ५६ बिटांची होती, आणि १९९८ मध्ये खास बांधलेल्या एका यंत्राने ती तीन दिवसांच्या आत शोधून दाखवली. किल्लीत एक बिट वाढला की शक्यता दुप्पट होतात. २००१ मध्ये मानक झालेल्या एईएसची सर्वांत लहान किल्लीही १२८ बिटांची आहे, म्हणजे तिच्या शक्यतांची संख्या ३९ अंकी आहे.

ऑग्युस्त केर्कहॉफ्स यांनी १८८३ मध्ये सांगितलेले तत्त्व येथे समजून घ्यावे : पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी चालले पाहिजे, गुप्त राहायला हवी ती किल्ली. याच्या उलट बाजूचे एक उदाहरण आपल्या भाषेतच आहे. महानुभाव पंथाने आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत शतकानुशतके जपले. तिथे लिपी हीच पद्धत आणि लिपी हीच किल्ली होती. विसाव्या शतकाच्या आरंभी ती अभ्यासकांना उलगडली, तेव्हा त्या लिपीतली एकच पोथी नव्हे, सगळा साठा एकदमच वाचता येऊ लागला. मराठी वाङ्मयाच्या दृष्टीने ती भाग्याची गोष्ट झाली, पण कूटशास्त्राच्या वर्गात ती धोक्याची सूचना म्हणून सांगावी लागते. ‘आमची पद्धत आम्ही कोणालाच सांगत नाही’ असे कोणी अभिमानाने म्हणाले, तर हे उदाहरण आठवावे.

किल्ली या शब्दाविषयी जाता जाता थोडे. एका प्रशिक्षण पुस्तिकेचे मुद्रितशोधन माझ्याकडे आले होते; तिच्यात सर्वत्र ‘सार्वजनिक कळ’ आणि ‘खासगी कळ’ असे छापले होते, आणि एका पानावर ‘आपली खासगी कळ कोणालाही दाखवू नये’ अशी ताकीद होती. अनुवादकाने संगणकाच्या कळफलकावरची कळ उचलली होती. कुलुपाची ती किल्ली, दाबायची ती कळ, एवढा भेद पाळला तरी पुष्कळ गोंधळ टळतो. पासवर्डसाठी मात्र परवलीचा शब्द हा आपला जुना शब्द मला फार नेमका वाटतो, कारण चौकीवरच्या पहारेकऱ्याला तो सांगावा लागे आणि त्यावरून आत सोडायचे की नाही हे ठरे.

पायरी पाचवी : किल्ली पोचवायची कशी

कुलूप लावायची आणि उघडायची किल्ली एकच असेल तर ती सममित पद्धत. एईएस सममित आहे. अडचण अशी की ती एकमेव किल्ली समोरच्यापर्यंत न्यायची कशी, कारण वाटेवर कोणीतरी ऐकत आहे हेच गृहीत धरायचे असते. व्हिटफिल्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध केलेला उपाय पेन्सिलने करून पाहता येतो.

नाशिकची एक व्यक्ती आणि सोलापूरची एक व्यक्ती २ आणि ११ हे आकडे उघडपणे ठरवतात. नाशिकवाली मनात ३ धरते, २ चा तिसरा घात करते, ८ येतात. ८ ला ११ ने भागून बाकी ८, तीच ती सोलापूरला कळवते. सोलापूरवाली मनात ९ धरते; २ चा नववा घात ५१२, त्याला ११ ने भागून बाकी ६, ती नाशिकला कळवते. आता नाशिकवाली आलेल्या ६ चा तिसरा घात करते, २१६, ११ ने भागून बाकी ७. सोलापूरवाली आलेल्या ८ चा नववा घात करून ११ ने भागते, आणि तिचीही बाकी ७ येते. दोघींकडे ७ आहे, पण ७ हा आकडा तारेवरून कधी गेलाच नाही. ऐकणाऱ्याच्या हाती २, ११, ८ आणि ६ एवढेच लागले. इतक्या लहान आकड्यांत तो उत्तर शोधून काढेल. प्रत्यक्षात शेकडो अंकी संख्या वापरतात, तेव्हा ते आजच्या संगणकांच्या आवाक्याबाहेर जाते.

मनात धरलेला आकडा ती खासगी किल्ली आणि कळवलेला आकडा ती सार्वजनिक किल्ली. जोडणीच्या आरंभी होणाऱ्या अशा देवाणघेवाणीला हँडशेक म्हणतात. एक फट मात्र राहतेच : सोलापूरहून आलेले ६ खरोखर सोलापूरचेच कशावरून? मध्येच कोणी तिसरा बसून दोघींशी वेगवेगळा व्यवहार करत असेल, तर त्याला मॅन-इन-द-मिडल हल्ला म्हणतात. ती फट बुजवण्यासाठी सार्वजनिक किल्ली कोणाची आहे याची ग्वाही देणारे प्रमाणपत्र लागते, आणि ते देणाऱ्या संस्थेला प्रमाणन प्राधिकारी म्हणतात. ब्राउझर खूण दाखवून संकेतस्थळाची जोडणी सुरक्षित असल्याचे सांगतो ते अशाच प्रमाणपत्राच्या भरवशावर. त्या खुणेचा अर्थ एवढाच की तुम्ही पत्त्याच्या पट्टीत दिसणाऱ्या नावाशीच झाकलेल्या वाटेने बोलत आहात. त्या नावामागचा माणूस सज्जन आहे की लबाड, याविषयी ती काही सांगत नाही. बनावट संकेतस्थळांनाही प्रमाणपत्र मिळते.

पायरी सहावी : झाकण कुठून कुठपर्यंत आहे ते पाहणे

आता पहिल्या पायरीतल्या चित्राकडे परत यावे. साधा मोबाइल कॉल कूटबद्ध असतो हे खरे आहे, पण ते झाकण मुख्यतः फोन आणि टॉवरकडच्या जाळ्यामधल्या हवाई तुकड्यावर असते. कंपनीच्या कोअरमध्ये तो उघडा होतो, आणि कायदेशीर आदेशानुसार संभाषण ऐकणे शक्य होते ते त्यामुळेच. याला दुव्यापुरते कूटबद्धीकरण म्हणावे. रेघेच्या एका टोकाच्या फोनात मजकूर झाकला जाऊन थेट दुसऱ्या टोकाच्या फोनात उघडत असेल, तर ते एंड-टू-एंड.

टू-जीमध्ये हवाई तुकड्यावरचे झाकणही विरलेले आहे. त्यात जाळे सिमची ओळख तपासते : एक यादृच्छिक आकडा पाठवते आणि सिम आपल्या आतल्या १२८ बिटांच्या किल्लीने त्यावरून काढलेले उत्तर परत देते, किल्ली स्वतः कार्डाबाहेर पडत नाही. मात्र जाळ्याने स्वतःची ओळख पटवावी अशी सोयच टू-जीत नाही. त्यामुळे बनावट टॉवर उभारून आसपासच्या फोनांना आपल्याकडे ओढणे शक्य होते. थ्री-जीपासून ओळख दोन्ही बाजूंनी पटवली जाते. तरीही आयएमएसआय काही प्रसंगी उघडा जात राहिला. फाइव्ह-जीच्या स्वतंत्र कोअरमध्ये तो ग्राहकाच्या कंपनीच्या सार्वजनिक किल्लीने झाकून पाठवण्याची सोय झाली. अनेक नव्या अँड्रॉइड फोनांत टू-जी बंद करण्याचा पर्याय आहे, आणि जिथे फोर-जी नीट मिळते तिथे तो वापरायला हरकत नाही.

व्हॉट्सॲपमध्ये एंड-टू-एंड कूटबद्धीकरण २०१६ पासून सर्वांना लागू आहे, आणि ते तपासताही येते. एखाद्या व्यक्तीच्या चॅटमध्ये तिच्या नावावर टिचकी मारून एन्क्रिप्शन हा पर्याय उघडला की पाच-पाच अंकांच्या बारा गटांत ६० अंक दिसतात. त्या व्यक्तीला समोर बसवून तिच्या फोनवरचे अंक ताडून पाहावेत. दोन्हीकडे तेच अंक असतील तर मध्ये कोणी बसलेले नाही. समोरच्याने फोन बदलला किंवा ॲप पुन्हा बसवले तर हे अंक बदलतात, त्यामुळे नुसत्या बदलाने घाबरून जाऊ नये. विचारून खात्री करावी.

झाकणाबाहेर काय उरते, हेही चित्रावर लिहावे. कोण कोणाशी, केव्हा, किती वेळा बोलले ही माहिती म्हणजे मेटाडेटा, आणि मजकूर झाकला तरी ती झाकली जात नाही. चॅटचा बॅकअप क्लाउडवर जात असेल तर त्यासाठीचे वेगळे कूटबद्धीकरण आपण स्वतः सुरू करावे लागते. व्हीपीएन, म्हणजे आपली इंटरनेटची ये-जा दुसऱ्याच्या सर्व्हरमार्फत नेणारी सोय, चालू केल्यावर आपल्या फोनपासून व्हीपीएनच्या सर्व्हरपर्यंतचाच तुकडा नव्याने झाकला जातो. त्यापुढे काय चालते ते आता इंटरनेट कंपनीऐवजी व्हीपीएनवाल्याला दिसते.

पायरी सातवी : ओळख, परवानगी, अखंडता

ओळख पटवणे म्हणजे अधिप्रमाणन आणि ओळख पटलेल्याला काय करू द्यायचे ते ठरवणे म्हणजे प्राधिकरण. इंग्रजीतले ऑथेंटिकेशन आणि ऑथोरायझेशन हे दोन्ही शब्द एकसारखे सुरू होत असल्याने गोंधळ होतो. मजकूर वाटेत बदललेला नाही याची खात्री म्हणजे अखंडता, आणि ती गोपनीयतेहून वेगळी आहे. फोनवर दिसणारे समोरच्याचे नाव वा नंबर हे अधिप्रमाणन नव्हे, कारण तो नंबर बनावट दाखवता येतो.

पायरी आठवी : एक वाक्य सोलून पाहणे

शेवटी वहीत हे जाहिरातीच्या धाटणीचे वाक्य उतरवावे : ‘आमचे ॲप २५६-बिट एन्क्रिप्शनमुळे पूर्णपणे सुरक्षित आहे.’ त्याखाली प्रश्न लिहावेत. २५६ बिट कोणत्या पद्धतीचे? ती पद्धत प्रसिद्ध केलेली आहे, की घरगुती? किल्ली माझ्या फोनात तयार होते, की कंपनीच्या सर्व्हरवर? झाकण रेघेवर कोठे सुरू होते आणि कोठे संपते? समोरच्याची किल्ली खरोखर त्याचीच आहे, हे मी कशावरून तपासू? बॅकअपचे काय? मेटाडेटाचे काय? ज्या प्रश्नाचे उत्तर त्या ॲपच्या माहितीपत्रकात सापडेल त्यापुढे पान क्रमांक लिहावा, आणि ज्याचे सापडणार नाही त्यापुढची जागा कोरी ठेवून तो प्रश्न थेट त्यांच्या मदतकक्षाला विचारावा.